मागचा एक्सल इंजिन पाहून ठरत नाही

ऑफ-रोड गाडी बांधायला घेतली की पहिल्या आठवड्यातच एक सल्ला कानावर पडतो. इंजिन दोनशे हॉर्सपॉवरच्या पुढे नेणार असशील तर मागे ट्रकचा एक्सल टाक, मग आयुष्यभर बघायला नको. मिस्त्री हे सांगतात, क्लबातले जाणते लोक सांगतात, पावसाळ्यात गोव्यात होणाऱ्या रेन फॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेत उतरायची स्वप्नं पाहणारेही सांगतात. सांगणाऱ्यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, कारण त्यांनी तुटलेले शाफ्ट चिखलात बसून ओढून काढलेले असतात. पण त्या अनुभवातून काढलेला हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो मानून लोक भरपूर पैसा घालतात आणि आधीपेक्षा जड, खाली घासणारी आणि दुरुस्तीला अवघड गाडी घरी आणतात.

या सल्ल्यात दोन गृहीतकं आहेत. एक्सलवर किती ताण येईल हे इंजिनाच्या हॉर्सपॉवरवरून कळतं, हे पहिलं. एक्सल जितका अवजड तितका मजबूत, हे दुसरं. पहिलं सरळ चूक आहे. दुसरं अर्धं खरं आहे, म्हणून जास्त महागात पडतं.

पहिल्या गृहीतकासाठी एक हिशेब मांडू. अठराशे किलोची गाडी घ्या, ३५ इंची टायर. इंजिन मध्यम, टॉर्क २०० न्यूटन-मीटर. पहिला गिअर, ट्रान्स्फर केसचा लो आणि क्राउन-पिनियन मिळून एकूण रेशो ४५ धरू. जीपसारख्या गाडीत हा आकडा काही विशेष नाही. दोनशे गुणिले पंचेचाळीस म्हणजे ९,००० न्यूटन-मीटर. पंधरा टक्के घर्षणात गेले तरी चाकांपर्यंत साडेसात हजारांच्या वर पोचतात. आता जमीन किती घेऊ शकते ते पाहा. चढावर ७० टक्के वजन मागे गेलं, म्हणजे मागच्या दोन चाकांवर १,२६० किलो आले. वजनाखाली दबलेल्या टायरची त्रिज्या ४२ सेंटिमीटर आणि कोरड्या खडकावरची पकड वजनाइतकी धरली, तर मागची दोन्ही चाकं मिळून सुमारे ५,२०० न्यूटन-मीटर टॉर्क जमिनीत उतरवू शकतात. पुढच्या दोन चाकांचे आणखी २,२००. बेरीज ७,४०० च्या आसपास. त्यापुढे एक न्यूटन-मीटरही वाढवलात तर चाकं घसरतात, ताण वाढत नाही.

म्हणजे २०० न्यूटन-मीटरचं साधं इंजिनसुद्धा लो गिअरमध्ये चारही चाकं फिरवायला पुरेसं आहे. त्या जागी ४०० न्यूटन-मीटरचं इंजिन बसवलं तरी खडकावर हळू चढताना मागच्या शाफ्टवर तेच ५,२०० येणार. आता ३५ च्या जागी ४० इंची टायर लावा, किंवा गाडीवर पाचशे किलोचा पिंजरा, विंच आणि सामान चढवा. इंजिनाला हातही न लावता एक्सलवरचा ताण वाढला. हा ताण वजन, टायर आणि पकड यांनी ठरतो. आणि आपल्याकडे एक्सलचा सल्ला देताना पहिला प्रश्न विचारला जातो, तो इंजिनाचा.

लॉकर हा यातला दुसरा मुद्दा, आणि हॉर्सपॉवरच्या गप्पांत तो हमखास सुटतो. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत गेलं की दुसऱ्या शाफ्टवरही जवळजवळ काहीच येत नाही. गाडी अडकते, पण काही तुटत नाही. लॉकर लावला की जमिनीवर टेकलेल्या एकट्या चाकाचा शाफ्ट सगळा भार उचलतो. वरच्या उदाहरणातले ५,२०० न्यूटन-मीटर दोन शाफ्टांत वाटून जाण्याऐवजी एकट्यावर येऊ शकतात. म्हणून लॉकर बसवताना शाफ्टचा विचार नव्याने करावा लागतो, इंजिन तेच असलं तरी.

हॉर्सपॉवरवाल्यांची बाजू इथे न्यायाने मांडली पाहिजे. ते म्हणतील, मग जोरदार इंजिनांच्याच गाड्यांचे एक्सल जास्त का तुटतात? तुटतात हे खरंच आहे. त्याचं कारण चाकाचा वेग आहे. मघाच्याच गाडीत लो गिअरच्या पहिल्यात ५,००० आरपीएमला चाक मिनिटाला ११० फेऱ्या मारतं. हाय रेंजच्या दुसऱ्या गिअरमध्ये, एकूण रेशो अकराच्या जरा खाली असताना, तेच चाक ४६० फेऱ्या मारतं. गाडी जागेवर आणि टायर ताशी पाऊणशेहून जास्त किलोमीटरच्या वेगाने भिरभिरतोय, अशी ही स्थिती आहे. फिरत्या चाकातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे सुमारे सतरा पट. रिमसकट पंचेचाळीस किलोच्या चाकात पहिल्या वेळी साडेचारशे ज्यूल असतात, दुसऱ्या वेळी आठ हजारांच्या आसपास. ते चाक अचानक अडकलं की ही सगळी ऊर्जा शाफ्टच्या पिळातून जाते. लहान इंजिन चिखलात ३५ इंची टायर हाय रेंजच्या दुसऱ्यात फिरवूच शकत नाही, ते बंद पडतं. मोठं इंजिन फिरवतं. हॉर्सपॉवरचा संबंध आहे तो एवढाच.

गोव्यातल्या त्या स्पर्धेत जुलैत हे रोज दिसतं. वरचा चिखल लोण्यासारखा, चाक मोकळं सुटतं, ड्रायव्हर पाय दाबून ठेवतो आणि टायर उकरत उकरत खालच्या जांभ्याला लागतो. त्या एका क्षणात शाफ्ट जातो. चिखल मऊ असतो म्हणून एक्सलला सोपा, असं समजणाऱ्यांनी हा क्षण एकदा जवळून बघावा. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा: तुम्ही गाडी कुठे, कोणत्या गिअरमध्ये, चाकाच्या किती वेगाने चालवणार? साडेतीनशे हॉर्सपॉवर घेऊन फक्त खडक चढणाऱ्याला आणि दीडशे हॉर्सपॉवर घेऊन चिखलात पाय दाबून ठेवणाऱ्याला एकच एक्सल सुचवणारा सल्लागार दोघांचाही तोटा करतो.

कारखान्यातलं एक उदाहरण देतो. २०२१ च्या जीप रँग्लर रुबिकॉन ३९२ मध्ये ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन आहे, ४७० हॉर्सपॉवरचं. गाडी तेवीसशे किलोच्या आसपास. मागे एक्सल कोणता? डाना ४४, २२० मिलिमीटरच्या क्राउनचा. आपल्या सल्लागारांच्या मोजपट्टीने हा एक्सल पहिल्याच दिवशी तुटायला हवा. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण टॉर्क आवरतं आणि टायर ३३ इंची आहेत, हे मान्य. पण माझं म्हणणं तेच आहे. कारखान्याने टायर, वजन, गिअर आणि नियंत्रण यांचा एकत्र हिशेब करून एक्सल ठरवला. इंजिनाचा आकडा पाहून ट्रककडे धाव घेतली नाही. त्याच गाडीला कुणी ४० इंची टायर लावले तर हिशेब बदलेल, आणि तेव्हा मोठा एक्सल मागणाऱ्याशी मी वाद घालणार नाही.

आता दुसरं गृहीतक, अवजड म्हणजे मजबूत. आपल्याकडे एक्सलची ताकद क्राउनच्या व्यासावरून मोजायची सवय आहे. अमेरिकेतले तीन प्रसिद्ध एक्सल शेजारी ठेवून पाहू. फोर्डचा नऊ इंची एक्सल १९५७ च्या मॉडेलपासून आला. डाना ६० चा क्राउन पावणेदहा इंचांचा. जनरल मोटर्सच्या अवजड पिकअपमधला, १९७३ पासूनचा १४ बोल्ट, साडेदहा इंचांचा. व्यासाने लावलं तर फोर्ड सगळ्यांत मागे. पण फोर्डच्या पिनियनला पुढच्या टोकालाही बेअरिंगचा आधार आहे, त्यामुळे जोर आला की पिनियन क्राउनपासून दूर ढकलला जात नाही. त्याचा पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या ५७ मिलिमीटर खाली बसतो. डाना ६० मध्ये हे अंतर जेमतेम निम्मं आहे. पिनियन जितका खाली, तितके जास्त दात एकमेकांत गुंतलेले. त्याची किंमतही आहे. दात एकमेकांवर जास्त घासतात, तेल तापतं, थोडी शक्ती वाया जाते, आणि प्रोपेलर शाफ्ट खाली लोंबतो, म्हणून खडकाला लागतो. १४ बोल्टच्या पिनियनलाही तिसरं बेअरिंग आहे. तो खरोखरच दणकट आहे. पण त्याचं पोट इतकं खाली येतं की अमेरिकेत लोक हाउसिंगचा खालचा ओठ कापून काढतात.

कॅलिफोर्नियातल्या जॉन्सन व्हॅलीत २००७ पासून किंग ऑफ द हॅमर्स होते. वाळवंटातला वेग आणि खडकातली चढाई एकाच दिवशी. तिथल्या सर्वोच्च वर्गातल्या गाड्यांचे व्ही-८ सातशे हॉर्सपॉवरच्या घरात जातात, टायर ४० इंची. असले एक्सल मोडायला जगात याहून चांगली जागा नसेल. तिथे रूढ काय झालं? फोर्ड नऊ इंचीच्या ढाच्यावर पत्र्यातून जोडलेली हाउसिंग, आत दहा इंची क्राउन, टोकाला ४० स्प्लाइन म्हणजे खाचा असलेले शाफ्ट. ट्रकचा ओतीव एक्सल जसाच्या तसा उचलून आघाडीच्या गाड्यांनी घातला नाही, कारण वेगात मागचं वजन सस्पेन्शनला झेपत नाही. इतकी जोरदार ऑफ-रोड इंजिनं चालवणारे लोक वजन कमी ठेवून ताकद शोधतात, आणि आपण दीडशे-दोनशे हॉर्सपॉवरच्या जीपला हलक्या ट्रकचा लोखंडी डोंगर लटकवतो.

शाफ्टबद्दलही असाच गोंधळ आहे. लोक स्प्लाइन मोजतात. डाना ४४ चा ३० स्प्लाइनचा शाफ्ट सुमारे ३३ मिलिमीटर जाड असतो. १४ बोल्टचाही ३० स्प्लाइनचाच, पण तो ३८ मिलिमीटर किंवा त्याहून जाड. संख्या तीच, ताकदीत जमीन-अस्मानाचं अंतर. पिळाविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. ३३ चा शाफ्ट ३८ केला तर त्याच पोलादात ताकद दीडपट होते. मघाचे ५,२०० न्यूटन-मीटर एकट्या शाफ्टवर आले तर ३३ च्या पृष्ठभागावर सुमारे ७४० मेगापास्कल ताण येतो, ३८ च्या पृष्ठभागावर ४८०. पाच मिलिमीटरचा हा फायदा क्राउन एक इंचाने वाढवून मिळत नाही. शाफ्टचा आकारही महत्त्वाचा. मधला भाग स्प्लाइनच्या मुळापेक्षा किंचित बारीक आणि गुळगुळीत कातलेला असेल तर सगळ्या लांबीभर पीळ वाटला जातो आणि झटका शोषला जातो. मधे जाड आणि स्प्लाइनला बारीक असा शाफ्ट दिसायला भक्कम वाटतो आणि स्प्लाइनच्या मुळाशी तुटतो.

तुटलेला शाफ्ट फेकून देऊ नका, उजेडात धरून बघा. स्प्लाइन दोरीसारख्या पिळल्या असतील आणि तुटलेला भाग आडवा, सपाट असेल, तर पोलादाला टॉर्क झेपला नाही. व्यास वाढवा किंवा ४३४० क्रोमोलीसारखं पोलाद घ्या. पंचेचाळीस अंशांत मळसूत्रासारखा तुटला असेल तर शाफ्ट फार कडक होता आणि झटक्याने गेला. आणि बेअरिंगजवळ तुटून, एका बाजूला गुळगुळीत पट्टा आणि त्यावर एकामागोमाग एक कमानी रेषा दिसत असतील, तर तो एका दिवसात तुटलेला नाही. तडा कित्येक महिने वाढत होता, आणि कारण टॉर्क नसून वाकणं आहे. मोठा क्राउन घालून हे वाकणं थांबत नाही. त्याचा उपाय फुल-फ्लोटिंग एक्सल किंवा सरळ हाउसिंग. मिस्त्री तुटलेल्या तुकड्याकडे न बघता थेट मोठ्या एक्सलचं नाव घेतो, तेव्हा त्याला थांबवा.

फुल-फ्लोटिंगबद्दल मी आग्रही आहे आणि तसं उघडपणे सांगतो. सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही उचलतो. क्राउनजवळच्या छोट्या क्लिपने शाफ्ट अडकवलेल्या एक्सलमध्ये तो तुटला की चाक, ब्रेकसकट, बाहेर निघतं. घाटाच्या उतारावर याचा अर्थ काय होतो हे लिहून सांगायची गरज नाही. फुल-फ्लोटिंगमध्ये हब स्वतःच्या बेअरिंगांवर स्पिंडलवर बसतो, वजन तिथे जातं, शाफ्टला फक्त टॉर्क. शाफ्ट तुटला तर बोल्ट काढून तो ओढायचा आणि पुढच्या चाकांवर घरी यायचं. दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप ६० हॉर्सपॉवरची होती, तरी तिला मागे फुल-फ्लोटिंग एक्सल होता. हॉर्सपॉवरवरून एक्सल ठरवणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. जुन्या लँड रोव्हरच्या मालिकेत मागचे शाफ्ट बारीक होते, ते तुटायचे, मालक सुटे शाफ्ट सोबत ठेवायचे. तिथे तुटणं हा तासाभराचा खोळंबा होता, अपघात नव्हता. एक्सल कधीच तुटणार नाही असं कुणीही वचन देऊ शकत नाही, म्हणून तो तुटल्यावर माणूस सुरक्षित राहतो का, हे मी ताकदीतच मोजतो.

यावर शेवटचा आक्षेप असतो: जास्त ताकद असली तर बिघडतं कुठे? बिघडतं. एक्सलचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं; ते वाढलं की खडबडीत वाटेवर चाक जमीन सोडतं आणि परत आपटतं, म्हणजे झटके वाढले. मोठ्या क्राउनचं पोट खाली आलं की जमिनीपासूनची उंची जाते. ती परत मिळवायला मोठे टायर येतात. मोठ्या टायरला खोल रेशो लागतो. खोल रेशोचा पिनियन लहान, दात कमी. ज्या ताकदीसाठी एवढा खटाटोप केला ती आपल्याच हाताने कमी होते. आणि मागचा एक्सल तुटायचा थांबला की झटका पुढच्या कमकुवत जागी जातो. आधी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, मग ट्रान्स्फर केस. मागच्या शाफ्टपेक्षा ट्रान्स्फर केस महाग, आणि रानात तो बदलता येत नाही.

त्यातून हा ट्रकचा एक्सल येतो कुठून? बहुतेक वेळा कुर्ल्यासारख्या जुन्या बाजारातून. त्याने किती वर्षं किती माल ओढला हे कुणाला माहीत नसतं. त्याला लॉकर मिळेलच असं नाही, मनासारखा रेशो मिळेलच असं नाही. मग हाउसिंग कापून रुंदी कमी करतात, स्प्रिंगची पॅड वेल्ड करतात. वेल्डिंगची उष्णता नळी ओढते. नळी एक-दोन मिलिमीटर वाकली तरी बेअरिंग खायला पुरते. वेल्डिंगनंतर दोन्ही टोकांतून सरळ दांडा घालून हाउसिंग तपासतो का, हा प्रश्न फॅब्रिकेटरला विचारा. क्राउन-पिनियन बसवताना दातांना निळा रंग लावून ठसा पाहतो का, हेही विचारा. दोन्हींची उत्तरं गुळमुळीत आली तर तिथून उठा. नीट बसवलेला लहान क्राउन वाकड्या हाउसिंगमधल्या मोठ्या क्राउनपेक्षा जास्त टिकतो.

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला कायद्याचाही अडसर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही सांगतात की उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाहीत. ट्रकचा एक्सल घातलेली जीप नंबर प्लेट लावून पुण्याहून गोव्याला न्यायची असेल तर आधी याचा विचार करा. स्पर्धेची गाडी ट्रेलरवर नेणं हेच बरं.

मग दीड-पावणेदोन टनांच्या, ३३ ते ३५ इंची टायरच्या, लॉकर लावलेल्या आणि चिखलात जोरात चालणाऱ्या जीपला काय घालावं? फुल-फ्लोटिंग हब, ३८ मिलिमीटरचे चांगल्या पोलादाचे शाफ्ट, पिनियनला भक्कम आधार असलेला नऊ इंचांच्या आसपासचा क्राउन, आणि सरळ तपासलेली, खालून मोकळी हाउसिंग. इंजिन तीनशे हॉर्सपॉवरचं असो की दीडशेचं. टायर ३७ च्या पुढे नेले किंवा वजन सव्वादोन टनांपलीकडे गेलं तर दहा इंची क्राउन आणि ४० स्प्लाइनकडे बघा. सोबत सुटे शाफ्ट ठेवा. डाव्या-उजव्याची लांबी वेगळी असेल तर दोन्ही. आणि अडकलेली गाडी सोडवताना रिव्हर्समध्ये पाय दाबू नका. उलट्या दिशेने क्राउनच्या दातांची कमकुवत बाजू भार घेते आणि पिनियन आत ओढला जातो. ज्या क्राउनने पुढे जाताना दिवसभर मार सोसला, तो रिव्हर्समध्ये एका झटक्यात जातो. तिथे विंच लावा.